तोफेच्या मशीनची उजवी बाजू

तिला सगळे तोफ म्हणायचे. तोंडावर नाही. तोंडावर ‘बाई’; पाठ वळली, चार पावलं पुढे गेली, वळणावरून दिसेनाशी झाली, की मग ‘तोफ’. तिच्या नवऱ्याला सायलेन्सर म्हणायचे. त्याला मात्र तोंडावरच म्हणायचे, कारण तो काही बोलायचा नाही आणि त्यालाही ते नाव पटलेलं असावं. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून निदान धूर तरी निघतो, हा तेवढाही काढत नाही, असं लोक म्हणत. लोकांचं काय, दुसऱ्याचा संसार म्हणजे फुकटचा तमाशा.

बाईचा धंदा कुट्टीचा. शेतात उभा असलेला हिरवा मका कापायचा, जागच्या जागी त्याचे नखाएवढे तुकडे करायचे आणि शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत उडवायचे, असं तिचं मशीन. ते ट्रॅक्टरच्या मागे जोडून हंगामाचे दोन महिने ती या शेतातून त्या शेतात फिरायची. ही कुट्टी पुढे गोठ्यामागच्या सिमेंटच्या खड्ड्यात थरावर थर टाकतात, वरून ट्रॅक्टर फिरवून दाबतात, आत हवा म्हणून ठेवत नाहीत, आणि प्लास्टिक अंथरून वर जुने टायर रचतात. आत ती मुरते, म्हणून मुरघास. नीट मुरला तर आंबूस-गोड वास सुटतो आणि गायी दावं तोडून धावतात. हवा राहिली तर तो तापतो, बुरशी धरतो, आणि गाय तोंड फिरवते; खाल्लाच तर पोट फिरतं. सगळी मेख तुकड्याच्या लांबीत. आखूड तुकडा दबून बसतो. लांब तुकडा फुगतो, पाय काढला की वर येतो, हट्टी पाहुण्यासारखा. एवढं समजलं की बाईचा निम्मा स्वभाव समजला. उरलेला निम्मा तिच्या नवऱ्यालाही समजलेला नाही.

तिचा बाप धार लावणारा. एक दगडी चाक, ते फिरवायला पायाखाली फळी, आणि दुकान म्हणजे भिंतीला टेकवलेला पत्रा. आई लवकर गेली, म्हणून पोर त्या पत्र्याखालीच वाढली. तिच्या वयाच्या मुली आरशात बघायच्या, ही सुरीच्या पात्यात बघायची. आणि तेही चेहरा नाही, धार. सोळाव्या वर्षी ती बापाबरोबर एका मोठ्या चाराकोठारात कुट्टीमशीनची पाती बदलायला जाऊ लागली. तिथला मुकादम फार मोठ्या आवाजाचा. आता कुट्टीमशीनची एक खोड असते: वीज बंद केली तरी आतला पाती बसवलेला ढोल स्वतःच्या वजनाने बराच वेळ फिरत राहतो, आवाजही फारसा करत नाही. एका कामगाराला वाटलं, थांबला. अडकलेला चारा ओढायला त्याने हात घातला. हात कोपरापर्यंत गेला.

चौकशीत चौघांनी सांगितलं, ढोल फिरतोय हे आम्हाला दिसत होतं. मग ओरडला का नाही? तर मुकादम घाई करत होता, त्याच्यापुढे कोण बोलणार. सोळा वर्षांची पोर पाना घेऊन कोपऱ्यात उभी होती, ती त्या चौघांच्या अंगावर धावून गेली. मुकादमाच्या नाही, चौघांच्या. बापाने कंबरेला धरून मागे ओढली म्हणून चौघं शाबूत राहिले. तोफेचा पहिला बार म्हणतात तो हा. त्यानंतर ती थंड झालेली कोणी पाहिली नाही.

तिला राग कशाचा यायचा, असं विचारू नका. कशाचा यायचा नाही, ते विचारा. बोथट पात्यांचा यायचा. ओल्या हाताने प्लग लावणाऱ्यांचा यायचा. ‘चालतंय की’ म्हणणाऱ्यांचा तर असा यायचा, की तो शब्द तिच्या अंगणात उच्चारायला बंदी होती. मशीन बंद केलं की ती एक लाकडी दांडा सांगाड्याला टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायची, आणि आतली घरघर पुरती थांबेपर्यंत झाकणाला ना स्वतः हात लावायची ना दुसऱ्याला लावू द्यायची. तीस वर्षांत तिच्या मशीनवर कोणाचं नखसुद्धा तुटलं नाही. मनं किती तुटली त्याचा हिशेब वेगळा.

तर ही गोष्ट तिच्या नणंदेच्या खड्ड्याची.

नणंद म्हणजे सायलेन्सरची थोरली बहीण. पदरी चाळीस गायी. अख्ख्या पंचक्रोशीत तोफेला न घाबरणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे ही नणंद. भांडायची नाही, चिडायची नाही. तोफ धडाडून दमली की ‘झालं?’ एवढंच विचारायची. तोफ तिला वन्सं म्हणायची आणि तिच्याकडचा खड्डा दर वर्षी सगळ्यात आधी भरून द्यायची. त्या वर्षी वन्संकडे जुना चारा जवळजवळ संपला होता. पेंढ्याचा एक ढीग सोडला तर काही शिल्लक नव्हतं. हा खड्डा साधला नाही तर पुढचे आठ महिने चाळीस तोंडांत घालायचं काय, हा सरळ प्रश्न होता, आणि त्याला दुसरं उत्तर नव्हतं.

पण त्या वर्षी वन्संकडे आणखी एक प्राणी वाढला होता. जावई. लेकीने लग्न करून घरात आणलेला हा गृहस्थ पशुखाद्याचं शिक्षण घेतलेला होता. खिशाला तीन पेनं, आणि तोंडात ‘टक्के’. ओलावा इतके टक्के, साखर तितके टक्के. माणूस वाईट नव्हता बिचारा. पण काहींची वेळ चुकते, काहींचं तोंड. याचं दोन्ही चुकायचं.

पहिल्या दिवशी सकाळी बाई मशीनचं झाकण उघडून बसली होती. पात्यांना धार लावून झाली होती. आता इथे जरा लक्ष द्या. ढोलावरची पाती फिरतात आणि त्यांच्या खाली एक जाड लोखंडी पट्टी असते. मका या दोघांच्या मध्ये सापडून कापला जातो, कात्रीत सापडावा तसा. धार लावली की पातं झिजतं आणि पट्टीपासून लांब जातं. म्हणून धार लावल्यावर पट्टी पुढे सरकवावी लागते. तिला दोन बोल्ट, एक डावीकडे, एक उजवीकडे. एकेक ढिला करायचा, त्या बाजूची पट्टी सरकवायची, बोल्ट कसायचा, दोन्ही बाजू झाल्या की मग ढोल हाताने फिरवून वर्तमानपत्राचा कागद कापून बघायचा. कागद दोन्ही टोकांना स्वच्छ कापला गेला तरच झाकण लावायचं.

बाईने डावी बाजू सरकवली. बोल्ट कसला. पाना घेऊन उजवीकडे वळली, तेवढ्यात जावई आला.

“मामी, एक सुचवू का?”

“सुचवा. सुचण्याशिवाय तुम्हाला काम काय दुसरं.”

“नाही म्हणजे, तो पलीकडचा मोठा गोठा आहे ना, त्यांच्याकडे नवीन मशीन आलंय. एका वेळी सहा ओळी कापतं. आपलं तीन दिवसांचं काम अर्ध्या दिवसात. तुमचं एका ओळीचं... म्हणजे चांगलंच आहे, पण आता ते म्युझियममध्ये शोभेल.”

दाबण्या तेव्हा खड्ड्याजवळ चहा पीत होता. दाबण्या म्हणजे वन्संचा जुना गडी. खड्ड्यावर ट्रॅक्टर फिरवून कुट्टी दाबायची, म्हणून दाबण्या. त्याने ‘म्युझियम’ ऐकलं आणि कप घेऊन शांतपणे ट्रॅक्टरच्या मागे जाऊन उभा राहिला. अनुभवी माणूस.

“म्युझियम?” बाई उठली. “जावईबापू, तुम्ही नाक पुसायला आई शोधत होता ना, तेव्हापासून हे मशीन हा खड्डा भरतंय! पात्याला धार कशी लावतात माहितीये? नाही ना? मग जिभेला कशाला लावता?”

“मामी, मी फक्त वेळेच्या दृष्टीने—”

“वेळ? वेळेचं तुम्ही सांगता? सकाळी नऊला उठणाऱ्याने गायीला वेळ सांगायची? आणि ते बूट! खड्ड्यावर पांढरे बूट घालून येणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघतेय!”

पंचवीस मिनिटं. मशीनवरून बुटांवर, बुटांवरून त्याच्या गाडी चालवण्यावर, त्यावरून शिक्षण या एकूण प्रकारावर, आणि तिथून परत बुटांवर. गोठ्यात त्या आठवड्यात दोन गायी विणार होत्या, म्हणून वन्सं तिकडेच मुक्काम ठोकून होत्या. त्यांनी एकदा दारातून डोकं काढलं, “आटपलं की कामाला लागा,” म्हणाल्या आणि आत गेल्या. जावई शेवटी दोन्ही हात वर करून निघून गेला. बाई तणतणत मशीनकडे आली. पाना डब्यात भिरकावला. झाकण धाडकन लावलं. “चला!”

उजवा बोल्ट तसाच राहिला. पट्टी डावीकडे पात्याला भिडलेली आणि उजवीकडे काडीभर लांब. कागदही कापून बघितला नाही.

बाई ट्रॅक्टरवर. शेजारच्या ओळीतून दुसऱ्या ट्रॅक्टरवर सायलेन्सर, मागे ट्रॉली. मशीनच्या वाकड्या मानेतून कुट्टी उडू लागली आणि पहिल्याच फेरीत सायलेन्सरच्या टोपीवर मक्याच्या पानाची वीतभर लांब पट्टी येऊन बसली. त्याने ती काढली. बघितली. बायकोच्या पाठीकडे बघितलं. ती पाठ अजून जावयाशी भांडत होती, खांद्यांवरून कळत होतं. त्याने पट्टी खिशात ठेवली.

बाई दर वर्षी पहिल्या ट्रॉलीतली मूठ तळहातावर पसरून बघायची. ते न बघता दुसरी ट्रॉली भरायची नाही. त्या दिवशीही ती उतरून ट्रॉलीकडे निघाली होती. पण वाटेत सांडलेली कुट्टी उचलून बघत जावई खड्ड्यावरून येत होता, आणि त्याने लांबूनच हाक मारली,

“मामी, तुकडे जरा लांब वाटतायत का बघता?”

“तुमच्या जिभेपेक्षा आखूडच आहेत!”

आणि ती उलट पावली ट्रॅक्टरवर चढली. आता मूठ बघितली असती तर जावयाच्या सांगण्यावरून बघितली असं झालं असतं. ते कसं होऊ द्यायचं? एक वेळ आभाळ कोसळलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी दाबण्या सायलेन्सरजवळ आला. “काका, खड्ड्यावर ट्रॅक्टर फिरवतोय का गादीवर, तेच कळेना झालंय. दाबतो तेवढं वर येतं. तुम्ही सांगा ना बाईंना.”

सायलेन्सरने बराच विचार केला. “तू सांग.”

“मला बायकापोरं आहेत, काका.”

“मला पण बायको आहे,” सायलेन्सर म्हणाला. ते वर्षातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य असावं.

दाबण्याने मग आपल्या परीने उपाय केला. जिथे दोन फेऱ्या मारायच्या तिथे चार मारल्या. खालचे थर त्याने जीव तोडून दाबलेही. पण तिसऱ्या दिवशी ट्रॉल्यांवर ट्रॉल्या यायला लागल्या आणि वरच्या थरांना तेवढा वेळ मिळेना. जावई येऊन बघून जायचा, तीन पेनांपैकी एक काढायचा, वहीत काहीतरी लिहायचा आणि ओठ मिटून परत जायचा. एकदा अपमान गिळला, रोज कोण गिळणार. वन्संच्या दोन्ही गायी व्याल्या, त्यातली एक अडली, म्हणून वन्सं स्वतः खड्ड्याकडे फिरकल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी प्लास्टिक पसरलं, टायर रचले, आणि बाईने कंबरेवर हात ठेवून जाहीर केलं, “म्युझियम म्हणे! बघा हा खड्डा. सहा ओळीवाल्याच्या बापाला जमेल का?”

कोणी काही बोललं नाही. बाईला वाटलं, दिपले.

चौथ्या दिवशी सकाळी घरच्या अंगणात पुढच्या शेताची तयारी म्हणून तिने झाकण उघडलं. सायलेन्सर शेजारी ग्रीसचा डबा धरून उभा. बाई धार लावणार, तोच तिची नजर पट्टीवर गेली. हात थांबला. तिने वर्तमानपत्राचं पान घेतलं, ढोल हाताने फिरवला. डावीकडे कागद चरकन कापला गेला. उजवीकडे तो नुसता दुमडला आणि फटीत जाऊन बसला.

ती गप्प झाली. सायलेन्सरने ग्रीसचा डबा खाली ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला. लग्नाच्या एवढ्या वर्षांत त्याने आवाज पुष्कळ ऐकला होता. हे त्याला नवीन होतं.

“अहो,” ती म्हणाली. “तुम्हाला दिसत होतं?”

त्याने खिशात हात घातला. मक्याच्या पानाच्या पाच-सहा वीतभर पट्ट्या, सुकून वेटोळी झालेल्या, बॉनेटवर ठेवल्या.

“मग सांगितलं का नाही?”

“कधी?”

“कधी म्हणजे? तीन दिवस होते! तीन दिवस शेजारून चालत होता तुम्ही! तोंडात काय बोल्ट बसवलाय?”

“तीन दिवस तू जावयाशी भांडत होतीस. पहिल्या दिवशी तो समोर असताना. पुढचे दोन तो नसताना.”

झालं, बाई पेटली. दाबण्याला फोन लावला. “तुला कळलं नाही खड्डा दबत नाही ते?” कळलं होतं, बाई. “मग मेल्या, बोलला का नाहीस?” आणि उत्तराची वाट न बघता पुढे, “मी काय तुला खाणार होते का?” यावर दाबण्याने प्रामाणिकपणे थोडा विचार केला, आणि तो विचार फोनवरून तिला ऐकू आला. तिने फोन आदळला. ग्रीसच्या डब्याला लाथ घातली. नवरा, दाबण्या, जावई. तिघांनाही दिसत होतं आणि तिघंही गप्प होते. तिला कोठारातले ते चौघं आठवले. त्यांच्या अंगावर ती पाना घेऊन धावली होती. आज कोणाच्या अंगावर धावायचं? त्या वेळी ते चौघं ज्याला घाबरले होते, त्या मुकादमाच्या जागी या वेळी कोण उभं होतं, हे शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. आणि त्याचा तिला असा राग आला, असा राग आला, की अंगणातली कोंबडीसुद्धा चाकाखाली जाऊन बसली. आजवरच्या प्रत्येक रागाला समोर एक तोंड असायचं. या रागाला समोर कोणीच नव्हतं, तो फेकायचा कुठे?

तिने आधी उजवा बोल्ट ढिला केला, पट्टी भिडवली, कसला. कागद कापला. दोन्ही टोकांना कापला. मग मशीन ट्रॅक्टरला जोडलं.

“ताईला फोन करू?” सायलेन्सरने विचारलं.

“नको. फोनवर मला नीट ओरडता येत नाही.”

खड्ड्यापाशी जाऊन तिने पहिलं काम केलं ते पहार मागवण्याचं. लोखंडी पहार प्लास्टिकमधून आरपार कुट्टीत खोचली आणि घड्याळ लावून उभी राहिली. दाबण्या आला, जावई आला, पाठोपाठ हात पुसत वन्सं आल्या. पंधरा मिनिटांनी पहार उपसली. दाबण्याने टोकाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. आत नुसतं कोमट असायला हवं होतं. हे चटका देत होतं.

“काय झालं?” वन्संनी विचारलं.

“तुमचा खड्डा मी घालवला, वन्सं!” बाई ओरडली. “उजवी बाजू सरकवली नाही मी! कागद कापला नाही! मूठ बघितली नाही! हे जावई बोलायला आले म्हणून राहिलं, पण राहिलं माझं! ते म्हणाले तुकडे लांब आहेत, तर मी बघितलंसुद्धा नाही! लांबच होते!”

रस्त्यावरून जाणाऱ्या एका सायकलवाल्याला वाटलं, बाई कोणाला तरी शिव्या देतेय. तो थांबलासुद्धा, बघायला मिळतंय तर का सोडा. जावयाचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं बरोबर ठरलं होतं आणि तेही त्याच्यावर ओरडूनच त्याला सांगितलं जात होतं.

“झालं?” वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण चेहऱ्यावरचा रंग गेला होता. त्या खड्ड्याकडे बघत नव्हत्या, गोठ्याकडे बघत होत्या. “वाचतं का यातलं काही?”

“आत्ता उपसलं तर वाचेल. आठवडा गेला तर उकिरडा.”

उपसलं. टायर काढले, प्लास्टिक गुंडाळलं. वरचा हातभर थर तपकिरी पडला होता, वाफ निघत होती, खमंग नाही, कुबट. तो सरळ उकिरड्यावर गेला. त्याखालचं गरम पण हिरवट होतं. ते चारा उचलायच्या लोखंडी काट्याने उपसून, मशीन जागेवर उभं करून, पुन्हा मशीनमध्ये घालायचं आणि लगोलग परत दाबायचं ठरलं. अगदी खालचे थर, जिथे दाबण्याने चार-चार फेऱ्या मारल्या होत्या, ते घट्ट आणि थंड निघाले. त्यांना हात लावला नाही. बाईने दाबण्याकडे बघितलं. “हे तू केलंस?”

“हो.”

“मग वर का नाही केलंस, गाढवा?”

ही त्याच्या कामाची तारीफ होती. ती ओळखता यायला दाबण्याइतकी वर्षं काढावी लागतात.

दोन दिवस लागले. शेतात मशीन मका स्वतः ओढून घेतं; उभ्या मशीनला चारा माणसाने भरवावा लागतो, आणि तिथेच हात जातात. बाईने जमिनीवर चुन्याची रेघ ओढली. रेघेच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. फक्त काट्याने, तेही दांड्याच्या टोकाला धरून. जावई पांढरे बूट काढून ठेवून भरवायला उभा राहिला. एकदा त्याचा काटा अडकला आणि तो वाकला. बाईने मशीन बंद केलं आणि अशी काही गरजली की जावई होता तिथे बसला.

“ढोल फिरतोय! ऐकू येत नाही? इथे या! दांडा लावा कानाला! आता सांगा, थांबला?”

जावयाने दांडा कानाला लावला. “नाही. फिरतोय.”

“आता?”

“अजून... बारीक घरघर आहे.”

“थांबला की मला सांगायचं. तोवर मीपण हात लावणार नाही.”

तो बराच वेळ कान लावून बसला. आणि बाई त्याच्या शब्दाची वाट बघत, दात-ओठ खात, पण हात मागे बांधून उभी राहिली. सायलेन्सरने हे दृश्य ट्रॉलीवरून बघितलं आणि हसू लपवायला टोपी डोळ्यांवर ओढली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा प्लास्टिक, पुन्हा टायर. खड्डा हातभर उतरला होता. वन्संनी आणि जावयाने वहीत डोकं घातलं. या वेळी त्याचे टक्के कामाला आले. पेंढा मिसळून पुरवलं तरी चाळीस गायींना सातच महिने निघत होते. चार भाकड गायी विकायच्या, आणि लहरी म्हणून नाव असलेली, पण दूध देणारी एक पाचवी. वन्संनी पाचही गायी नावानिशी सांगितल्या. सांगताना कोणाकडे बघितलं नाही. बाई तोंड उघडणार होती, पण या वेळी काय म्हणून ओरडायचं ते तिला सापडलं नाही.

“वहिनी,” वन्सं म्हणाल्या, “पुढच्या वर्षीचं बोलायचंय.”

“बोला. ते सहा ओळींचं धूड आणायचं असेल तर सरळ सांगा. आडून कशाला?”

“जावई म्हणतोय तसं.”

“म्हणू दे.”

“मी नको म्हटलंय. मशीन तुझंच येईल, तुझ्यासारखी धार कोणी लावत नाही. पण एक अट आहे. खड्ड्यावरून दाबण्या फडकं दाखवेल. फडकं दिसलं की तू मशीन बंद करायचं. का, कशाला, तुझी अक्कल किती, काही विचारायचं नाही. आधी बंद करायचं. मग काय भांडायचं ते भांड.”

“हा?” बाईने दाबण्याकडे बोट केलं. “हा बावळट मला थांबवणार? याला डावं-उजवं कळत नाही!”

“उजवं या वेळी कोणालाच कळलं नाही, बाई,” दाबण्या म्हणाला.

आपल्याच तोंडातून हे निघालं यावर दाबण्याचा स्वतःचासुद्धा विश्वास बसेना. बाईचा चेहरा तांबडा झाला, मानेची शीर उठली. सायलेन्सरने सवयीने दोन पावलं मागे घेतली. वन्सं मात्र तिच्यासमोर उभ्याच होत्या, आणि त्यांच्या मागे गोठ्यात त्या पाच गायी इतरांबरोबर पाणी पीत होत्या.

“कसलं फडकं?” बाईने दात आवळून विचारलं.

“लाल घेऊ,” जावई उत्साहाने म्हणाला. “लांबून दिसतं.”

“लाल नको! मी काय बैल आहे?”

“नाही गं,” वन्सं म्हणाल्या. “बैल ऐकतो.”

बाईने डोक्याला बांधलेला पिवळा रुमाल सोडला. घामाने आणि ग्रीसने तो निम्मा काळा झाला होता. तो तिने दाबण्याच्या छातीवर फेकला. “हे घे. धुऊन ठेव. आणि माश्या हाकलल्यासारखं उठसूट हलवायचं नाही, सांगून ठेवते.” मग ट्रॅक्टरवर चढली, गिअर टाकला, आणि मशीन मागे खडखडवत फाटकाकडे निघाली.

दाबण्याने रुमाल उलटसुलट करून बघितला. लांबून दिसतो का नाही, कोणाला माहीत. त्याने हात वर करून तो एकदा हलवला.

ट्रॅक्टर थांबला. इंजिन बंद झालं.

“काय आहे?” बाई वळून ओरडली.

“काही नाही, बाई. बघत होतो.”

त्यानंतर दहा मिनिटं ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. पण इंजिन बंद होतं, त्यामुळे सगळ्यांना अगदी स्पष्ट ऐकू आलं.